शाई म्हणजे कुठली शाई?

गूगलवर आमच्या दुकानाची जाहिरात सुरू केल्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी दादा माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि स्क्रीनवरच्या ओळी मोठ्यांदा वाचायला लागला. "कपड्यावरचा शाईचा डाग कसा काढावा." पुढची ओळ, "प्रिंटरची शाई सारखी का संपते." तिच्याखालची, "टॅटूची शाई किती दिवसांनी फिकी पडते." इथे तो थांबला. "अगं, या प्रत्येकाचे आपण पैसे दिलेत?"

दिले होते. डागवाल्याचेही आणि टॅटूवाल्याचेही. लोकांनी सर्चमध्ये जे टाइप केलं त्यावर आमची जाहिरात दिसली, त्यांनी ती दाबली, आमच्या दुकानाचं पान उघडलं, दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि ते निघून गेले. त्या दोन सेकंदांचं भाडं आमच्या खात्यातून कापलं गेलं.

आम्ही फाउंटन पेनची शाई विकतो. बाटलीतली, वेगवेगळ्या रंगांची, सगळी ऑनलाइन. दुकानात चार-पाच पेनंही आहेत, पण ती नावापुरती. हिशेब आणि पॅकिंग दादाकडे. साइट, फोटो आणि गिऱ्हाइकांशी बोलणं माझ्याकडे. पहिलं दीड वर्ष ओळखीवर निघालं. एकाने घेतली, त्याने दुसऱ्याला सांगितलं, असं. मग एका आकड्यावर ऑर्डरी येऊन थबकल्या त्या थबकल्याच. सोशल मीडियावर फोटो टाकून पाहिले. शाईचे फोटो दिसतात सुंदर, त्यामुळे लाइक भरपूर, ऑर्डर एखादी. त्यात लोकांचं चुकलं असं नाही. करमणूक म्हणून स्क्रोल करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे शाई आली, त्याने कौतुक केलं आणि तो पुढे गेला. पण जो माणूस आपणहून "फाउंटन पेन शाई" असं टाइप करतो त्याच्या हातात बहुधा कोरडं पडलेलं पेन असतं. हाच माणूस मला हवा होता. आणि त्याने जाहिरात दाबली तरच पैसे द्यायचे, नुसती दिसली तर फुकट. हा सौदा कागदावर इतका चोख वाटत होता की मी एका संध्याकाळी गूगलवर जाहिरातींचं खातं उघडूनच टाकलं.

आधी थोडं वाचायला हवं होतं. वाचलं मी नंतर, पैसे गेल्यावर. तेव्हा कळलं की शब्दांचा लिलाव ही कल्पना बरीच जुनी आहे. १९९८ साली गोटू नावाच्या सर्च इंजिनाने ती बाजारात आणली. जो जास्त बोली लावेल तो वर, आणि पैसे क्लिकमागे. पुढे त्याचं नाव ओव्हरचर झालं आणि २००३ मध्ये याहूने ते विकत घेतलं. गूगलने आपली अ‍ॅडवर्ड्स ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुमारे ३५० जाहिरातदारांवर सुरू केली, तेव्हा तिथे पैसे जाहिरात दिसण्याचे पडायचे. क्लिकमागे पैशांचा लिलाव त्यांच्याकडे फेब्रुवारी २००२ मध्ये आला, आणि त्यात एक मेख होती. नुसती बोली मोठी असून भागत नव्हतं. लोक ती जाहिरात किती दाबतात हेही मोजलं जात होतं. आज गूगल अ‍ॅड्स म्हणतात ते हेच, नाव २०१८ मध्ये बदललं.

ही मेख समजायला मला वेळ लागला, म्हणून माझ्या पद्धतीने सांगते. समजा माझी बोली १० आहे आणि माझ्या जाहिरातीचा दर्जा ६. शेजाऱ्याची बोली १५, पण दर्जा ३. गुणाकार केला तर माझे ६०, त्याचे ४५. मी वर बसते. आणि पैसे मला १० पडत नाहीत. त्याच्यावर राहायला जेवढे पुरतील तेवढेच, म्हणजे ४५ भागिले ६, साडेसातच्या किंचित वर. खरं सूत्र इतकं साधं नाही. शोधणाऱ्याचं ठिकाण, उपकरण, वेळ, जाहिरातीला जोडलेल्या जादाच्या गोष्टी, किमान पातळी असं बरंच त्यात मिसळतं, आणि हा लिलाव प्रत्येक शोधाला नव्याने होतो. पण साडेसातचा हिशेब डोक्यात बसला की एक गोष्ट पक्की कळते, वाईट जाहिरातीला त्याच जागेचं भाडं जास्त पडतं.

माझी पहिली जाहिरात होती: "उत्कृष्ट दर्जाची शाई! सर्व रंग उपलब्ध! आजच खरेदी करा!" तीन उद्गारवाचक चिन्हं. फाउंटन पेन हा शब्द त्यात कुठेच नव्हता, कारण माझ्या डोक्यात शाई म्हणजे फाउंटन पेनचीच. जगात बहुतेकांच्या डोक्यात शाई म्हणजे प्रिंटरची. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मला ते सुचलं नाही.

सेटिंगमध्ये मी जे केलं त्याची तर लाजच वाटते. खातं उघडताना एक सोपा रस्ता असतो आणि एक सगळी बटणं दाखवणारा. मी सोपा घेतला, अर्ध्यात अडकले, मग दुसरा घेतला. तिथे कॅम्पेनचा, म्हणजे जाहिरात मोहिमेचा, प्रकार 'सर्च' निवडला की खाली आणखी दोन ठिकाणी जाहिरात दाखवायची टिक असते, एक भागीदार सर्च साइट्सची आणि एक डिस्प्ले नेटवर्कची, म्हणजे इतरांच्या पानांवर आणि अ‍ॅपमध्ये. टिक आधीच केलेली होती, मी ती वाचली नाही. पहिल्या दोन दिवसांतले निम्म्याहून जास्त क्लिक तिथून आले, त्यातले बरेचसे मोबाइलवरच्या गेममधून. मुलाने खेळता खेळता चुकून दाबलं असणार. ठिकाणाचंही तसंच. आम्ही जिथवर पार्सल पाठवतो तेवढाच भाग मी निवडला होता, पण त्याच्याखाली एक बारीक पर्याय असतो: त्या भागात असलेले लोक, की तिथे असलेले आणि तिथल्याबद्दल रस दाखवणारेही. डिफॉल्ट दुसरा. मग ज्यांना आम्ही माल पाठवूच शकत नाही असे लोक यायचे, शाई आवडायची, पत्ता टाकायचे आणि शेवटच्या पायरीवर अडायचे. त्यातल्या एकाने रागाने मेसेजही केला. त्याचं बरोबर होतं.

दोन्ही दुरुस्त करायला मिळून एक मिनिट लागलं. कळायला तीन दिवस.

आता शब्दांकडे येते, कारण सगळी गंमत आणि सगळा खर्च तिथेच आहे. मी पहिल्या दिवशी बारा कीवर्ड, म्हणजे ज्यांच्या शोधावर जाहिरात दिसावी असे शब्द, टाकले होते. त्यातला पहिलाच होता, शाई. एकटा, उघडा. त्याला म्हणतात ब्रॉड मॅच, म्हणजे कीवर्ड नुसता लिहायचा आणि यंत्राने त्याच्याशी नातं असलेले कुठलेही शोध पकडायचे. कीवर्ड अवतरणचिन्हांत लिहिला तर फ्रेज मॅच, त्या अर्थाचा शब्दसमूह शोधात असायला हवा. चौकोनी कंसात लिहिला तर एक्झॅक्ट मॅच, तोच अर्थ असलेला शोध. नावाने एक्झॅक्ट असलं तरी तेही अक्षरशः घट्ट नसतं, एकवचन-अनेकवचन, शब्दांची उलटापालट, जवळचा अर्थ एवढं त्यात खपतं. हे तीन प्रकार मी वाचले होते. पण ब्रॉडवर जास्त लोक येतील आणि जास्त लोक म्हणजे जास्त ऑर्डरी, असं माझं गणित होतं.

कीवर्ड निवडायला जे साधन मिळतं त्यानेही मी फसले, खरं तर स्वतःलाच फसवलं. तिथे प्रत्येक शब्दापुढे महिन्याचे शोध दिसतात, पण नव्या, खर्च न केलेल्या खात्याला नेमका आकडा दिसत नाही, पट्टा दिसतो: १ हजार ते १० हजार, असा. मी प्रत्येक वेळी मनात वरचा आकडा धरला. 'शाई'पुढचा पट्टा सगळ्यांत मोठा होता म्हणून तो शब्द सगळ्यांत चांगला. दादाने तेव्हाच विचारलं होतं, "यातले आपले किती?" मी म्हटलं, "बघू की."

पहिल्या आठवड्याचा हिशेब त्याने मांडला. एका ऑर्डरमागे आम्हाला सुटणारा नफा १०० धरला तर एका क्लिकला सरासरी ४ गेले होते. २१२ क्लिक, ३ ऑर्डरी. म्हणजे एका ऑर्डरमागे खर्च २८३, मिळकत १००. दादा काही बोलला नाही, कागद उलटा करून माझ्यापुढे सरकवला. मागच्या बाजूला त्याने एकच ओळ लिहिली होती: किती क्लिकांना एक ऑर्डर? त्याने १०० ला भागायचं. येईल तो आकडा एका क्लिकला द्यायची कमाल मर्यादा. ७१ क्लिकांना एक ऑर्डर येत असेल तर १.४ च्या वर एक पैसाही द्यायचा नाही, आणि मी ४ देत होते.

ही भागाकाराची ओळ अजून माझ्या टेबलावर चिकटवलेली आहे. यात सुधारायला दोनच जागा आहेत, क्लिक स्वस्त करा किंवा कमी क्लिकांत ऑर्डर मिळवा. बोली खाली आणून क्लिक स्वस्त करायचा प्रयत्न मी लगेच केला आणि जाहिरात दिसायचीच बंद झाली. मग दुसरी जागा उरली.

त्या जागेची चावी म्हणजे सर्च टर्म्सचा रिपोर्ट. आपण कोणता कीवर्ड विकत घेतला ते एका ठिकाणी असतं आणि लोकांनी खरोखर काय टाइप केलं ते दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्हींत आभाळाएवढा फरक असू शकतो. सगळे शोध त्यात दिसत नाहीत. २०२० पासून पुरेशा लोकांनी केलेलेच शोध दाखवतात, उरलेल्यांचा नुसता एकूण आकडा. तरी जे दिसतं ते पुष्कळ आहे. मी रोज सकाळी तो उघडायला लागले आणि नको असलेल्या शब्दांची यादी, म्हणजे निगेटिव्ह कीवर्ड, लिहायला लागले. प्रिंटर. कार्ट्रिज. टोनर. टॅटू. डाग. स्क्रीन प्रिंटिंग. स्टॅम्प पॅड. ऑक्टोपस. (ऑक्टोपस शाई का सोडतो हे जाणून घ्यायला आलेल्या सात जणांचं स्वागत आम्ही स्वखर्चाने केलं.)

यादीत एक खाचखळगा आहे. साध्या कीवर्डला यंत्र सढळ हाताने जवळचे शब्द जोडतं, पण निगेटिव्हला तसं जोडत नाही. तिथे स्पेलिंगच्या चुका सोडल्या तर आपण लिहिलं तेवढंच अडतं. 'प्रिंटर' लिहिलं म्हणून 'प्रिंटरची' अडत नाही. आपली भाषा प्रत्ययांची, त्यामुळे एकेका शब्दाची सगळी रूपं लिहीत बसावं लागलं: प्रिंटर, प्रिंटरची, प्रिंटरचा, प्रिंटरसाठी, प्रिंटरमध्ये. शाळेत विभक्तीचे तक्ते पाठ केले होते त्यांचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

मग माझ्या अंगात यादीचं वारं शिरलं. जो शब्द खटकेल तो टाक यादीत. 'मोफत' टाकला, कारण फुकट्यांचे क्लिक नकोत. आठवडाभराने लक्षात आलं की "फाउंटन पेन शाई मोफत डिलिव्हरी" असं शोधणाऱ्यांनाही मी बाहेर काढलंय, आणि आम्ही मोफत डिलिव्हरी देतो. 'ड्रॉइंग' टाकला, कारण चित्रांची शाई वेगळी, तिच्यात बहुधा शेलॅक, म्हणजे लाख, असतं, ती फाउंटन पेनात भरली की पेन तुंबतं. पण फाउंटन पेननेच स्केच करणारे कितीतरी लोक असतात, आणि ते एकदम तीन-तीन बाटल्या घेतात. ते सगळे एका शब्दाने गेले. तेव्हापासून नियम केला, एखादा शब्द यादीत टाकायच्या आधी तो शब्द वापरून ज्याने ऑर्डर दिली असा कोणी आहे का, ते आधी बघायचं.

पण हे बघायला ऑर्डर नीट मोजली जायला हवी, आणि तिथेही मी घोळ घालून ठेवला होता. जाहिरातीच्या क्लिकमधून ऑर्डर आली की नाही हे कळायला 'ऑर्डर मिळाली, आभार' या शेवटच्या पानावर एक कोड ठेवावा लागतो. मी तो ठेवला आणि पुढच्या आठवड्यात रिपोर्टमध्ये ९ ऑर्डरी दिसल्या. मी जवळजवळ नाचलेच. दादाने वही उघडली. "माझ्याकडे पाच आहेत."

चार गेल्या कुठे? एक मीच दिलेली चाचणीची ऑर्डर होती, जाहिरात दाबून. उरलेल्या तीन एकाच बाईंच्या नावावर. त्यांनी एकदाच ऑर्डर दिली होती, पण पार्सल कुठवर आलं ते बघायला आभाराचं पान मोबाइलवर तसंच उघडं ठेवलं होतं. दर वेळी ब्राउझर उघडला की पान पुन्हा लोड व्हायचं आणि कोड इमानदारीने आणखी एक ऑर्डर मोजायचा. उपाय साधा निघाला, कोडबरोबर ऑर्डर नंबरही पाठवायचा, म्हणजे तोच नंबर पुन्हा आला तर धरला जात नाही. पण हा घोळ वही नसती तर मला कधीच कळला नसता. जाहिरातीचा रिपोर्ट आणि विक्रीची वही आठवड्यातून एकदा शेजारी ठेवून बघणं, हे काम दादाने स्वतःकडे घेतलं ते आजपर्यंत. आणखी एक, क्लिक आज आणि ऑर्डर वीस दिवसांनी असंही होतं. डिफॉल्टमध्ये क्लिकनंतर ३० दिवसांत आलेली ऑर्डर त्या क्लिकच्या खात्यावर पडते. त्यामुळे कालचा दिवस वाईट गेला म्हणून आज शब्द बंद करायचा नाही, हेही शिकावं लागलं.

ऑर्डरी नीट मोजायला लागल्यावर चित्र पालटलं. 'शाई' या शब्दाने शंभरेक क्लिकांत काहीच दिलं नव्हतं. "फाउंटन पेन शाई" बरा होता. आणि एक शोध, जो मी कधी कीवर्ड म्हणून टाकलाच नव्हता, चुपचाप ऑर्डरी आणत होता: "पाण्याने न पुसणारी फाउंटन पेन शाई". शोध मोजकेच, पण जे यायचे त्यातला दर दहावा-बारावा घ्यायचा. हा माणूस कोण असेल याचा मी विचार केला. लिफाफ्यावर पत्ता लिहिणारा, रोजनिशी ठेवणारा, ज्याच्या वहीवर एकदा पाणी सांडलंय असा. त्याला रंगांचं कौतुक ऐकायचं नाही. त्याला एवढंच हवंय की पुन्हा तसं होऊ नये.

आणि मी त्याला नेत कुठे होते? मुख्य पानावर, जिथे बेचाळीस बाटल्यांचे फोटो ओळीने मांडलेले.

त्या दुपारी आम्ही नवं पान केलं. एका कोऱ्या कागदावर मी दोन ओळी लिहिल्या, वरची आयर्न गॉल शाईने, म्हणजे लोखंडाचे क्षार असलेल्या, पाण्याने न पुसणाऱ्या शाईने, खालची साध्या धुतल्या जाणाऱ्या निळ्या शाईने. वाळू दिल्या. दादाने टेबललॅम्प तिरका धरला आणि मी ड्रॉपरने दोन्ही ओळींवर एकेक थेंब पाणी सोडलं. खालच्या ओळीतला शब्द आधी फुगला, मग त्याचं एक फिकं निळं तळं झालं, त्यातून एक ओघळ कागदाच्या कडेकडे निघाला. वरच्या ओळीवर थेंब तसाच बसून राहिला आणि त्याच्यातून अक्षरं जरा मोठी दिसायला लागली, भिंगातून दिसावीत तशी. तो फोटो पानाच्या डोक्यावर. खाली तीन बाटल्या, प्रत्येकीत किती मिलिलिटर, आणि एक सूचना, ही शाई पेनात महिनोन्‌महिने तशीच ठेवू नका, अधूनमधून पेन धुवा. ही सूचना विक्रीच्या आड येईल असं दादाला वाटत होतं. आली नाही.

जाहिरातही नव्याने लिहिली. एका जाहिरातीला १५ पर्यंत मथळे देता येतात, प्रत्येकी ३० अक्षरांचे, आणि ९० अक्षरांची चार वर्णनं. त्यातून यंत्र जुळवाजुळव करून दाखवतं. म्हणून प्रत्येक मथळा एकटा उभा राहील असा हवा. पहिला लिहिला, "पाण्याने न पुसणारी शाई". दुसरा, "फक्त फाउंटन पेनसाठी". हा दुसरा मला सगळ्यांत प्रिय आहे, कारण तो लोकांना घालवून देतो. प्रिंटरवाला तो वाचतो आणि न दाबता पुढे जातो, त्याचाही वेळ वाचतो आणि माझेही पैसे.

दर्जाचे गुण, क्वालिटी स्कोअर, १ ते १० मध्ये कीवर्डपुढे दिसतात. तीन गोष्टींवर ते ठरतात: जाहिरात दाबली जाण्याची अपेक्षा, जाहिरात शोधाशी किती जुळते, आणि पुढचं पान कसं आहे. 'शाई'ला ३ होते. नव्या शब्दाला काही आठवड्यांत ८ झाले. क्लिकचे पैसे उतरले. मी 'शाई' बंद केला, बाकीचे बहुतेक शब्द फ्रेज आणि एक्झॅक्टवर नेले, आणि नवे शोध सापडावेत म्हणून एक लहानसं ब्रॉड कॅम्पेन ठेवलं, अगदी कमी बजेटचं, लांबलचक नको-यादीसकट. त्याला दादा 'तुझी लॉटरी' म्हणतो.

मधल्या काळात छोटे धक्के बसत राहिले. एका दिवशी ठरवलेल्या रोजच्या बजेटच्या जवळजवळ दुप्पट खर्च दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. तो नियमच आहे, वाचला नव्हता. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत जाऊ शकतं, महिन्याचा एकूण खर्च मात्र रोजच्या आकड्याच्या ३०.४ पटींच्या वर जात नाही. दुसरं, स्वतःची जाहिरात दिसते का हे बघायला मी दिवसातून दहा वेळा स्वतःच सर्च करायचे. न दाबता बघितलं की 'दिसली पण दाबली नाही' अशी नोंद पडते, दाबली तर पैसे. यासाठी खात्यातच जाहिरात तपासायची वेगळी सोय असते, तिथे काही मोजलं जात नाही. एका एजन्सीतून फोन आला, "मॅडम, पहिला नंबर गॅरंटीने देतो." मी विचारलं, "कुठल्या शब्दावर?" तिकडून थोडी शांतता, मग "सगळ्याच".

खात्यात शिफारशींचं पान असतं, शंभरपैकी टक्के देणारं. बजेट वाढवा, ब्रॉड मॅच घ्या, हे स्वयंचलित करा. पहिल्यांदा मी परीक्षेतल्या मुलीसारखी टक्के वाढवायला गेले. मग कळलं की शिफारस नाकारली तरी टक्के वाढतात. तेव्हापासून मी वाचून, विचार करून, बऱ्याचशा नाकारते. बोलीचं मात्र स्वयंचलित केलं, पण उशिरा. सुरुवातीला 'जास्तीत जास्त क्लिक' घेतलं होतं, तर त्याने शब्दशः तेच केलं, स्वस्तातले क्लिक गोळा करून आणले, विकत घेणारे मात्र नाहीत. नंतर हाताने बोली लावली. महिन्याला तीसेक ऑर्डरी जाहिरातीतून यायला लागल्या तेव्हाच 'एका ऑर्डरमागे एवढाच खर्च' असं ठरवून यंत्राच्या हातात दिलं. त्याच्याआधी त्याला शिकायला काही नव्हतंच.

पाचव्या महिन्यात दादाने पुन्हा तोच कागद मांडला. एका क्लिकला २.८, २८ क्लिकांना एक ऑर्डर. म्हणजे १०० मधले ७८ जाहिरातीत जातात, २२ उरतात. फार नाहीत. पण शाई संपते, आणि संपली की तोच माणूस सरळ आमच्याकडे येतो, तेव्हा त्याच्यासाठी क्लिक विकत घ्यावा लागत नाही. दादाच्या वहीत आता दुसऱ्या ऑर्डरीसाठी वेगळा रकाना आहे.

नको-यादी तीनशेच्या वर गेली होती आणि मला तिचा जरा गर्वच झाला होता, तेव्हा एक ऑर्डर आली. खाली सूचनेच्या चौकटीत लिहिलेलं: "प्रिंटरची शाई पेनात भरून एक चांगलं पेन घालवलं. दुसरं घालवायचं नाही. पेनाला चालेल अशीच पाठवा." कुठून आलात असं मी उत्तरात विचारलं. मैत्रिणीने लिंक दिली, त्या म्हणाल्या. त्याआधी दोन दिवस त्या स्वतः शोधत होत्या: प्रिंटरची शाई फाउंटन पेनात चालते का.

मी ते वाक्य यादीसमोर धरलं. आमच्याकडे यायलाच हवा असा माणूस, आणि 'प्रिंटरची' या शब्दाने मीच त्याच्या तोंडावर दार लावलेलं. ते वाक्य कीवर्ड म्हणून विकत घेतलं तरी उपयोग नव्हता, नको-यादीच वरचढ ठरते. म्हणून 'प्रिंटरची' हा एकटा शब्द लॉटरीच्या कॅम्पेनमधून काढला आणि त्याच्याऐवजी चौकोनी कंसात नेमके शोध अडवले, प्रिंटरची शाई, प्रिंटरची शाई किंमत, असे पंधरा-वीस. एवढं बारकाईने केलं म्हणून खूश होऊन झोपले.

सकाळी दादा माझ्याआधी उठून रिपोर्ट उघडून बसला होता. "ये," म्हणाला, "तुझी माणसं आलीत." पहिली ओळ होती, "प्रिंटरची शाई घरपोच". चार क्लिक.